दुकानात गिऱ्हाईकाने मारहाण केली तर: तक्रार एनसीवर अडकू नये म्हणून काय करायचं, कोणत्या क्रमाने

काउंटरवरच्या पोराला गिऱ्हाईकाने कानाखाली मारली की पुढचं सगळं ठरल्यासारखं घडतं. मालक म्हणतो, "जाऊ दे, धंद्याच्या वेळेला तमाशा नको." दुसऱ्या दिवशी सूज दिसते, मग कुणीतरी पोलीस ठाण्यात जातं. तिथे चार ओळींची एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून मिळते आणि प्रकरण तिथेच संपतं. दरम्यान डीव्हीआरवरचं (कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंग यंत्रातलं) फुटेज पुसलं गेलेलं असतं.

यात दरवेळी दोष पोलिसांचाच असतो असं नाही. बऱ्याचदा सांगणाऱ्याने सांगितलेलंच इतकं असतं की त्यातून एनसीपलीकडे काही होत नाही. म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे. कपड्याचं दुकान, किराणा, मॉलमधलं शोरूम, मोबाईलची गाळा-दुकानं, मेडिकल, वाईन शॉप, कुठेही काम करत असाल तरी क्रम हाच.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. मोबाईलवर फिरणाऱ्या जुन्या याद्यांमधली ३२३, ५०४, ५०६ ही कलमं त्यानंतरच्या घटनेला लागत नाहीत. साधी मारहाण आता कलम ११५(२), चिथावणारा अपमान ३५२ आणि साधी धमकी ३५१(२). ही तिन्ही अदखलपात्र आहेत. म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. "मारलं, शिव्या दिल्या, बघून घेतो म्हणाला" एवढंच सांगितलं तर ठाणे अंमलदाराच्या हातात तरी दुसरं काय आहे?

डॉक्टर-नर्सवरच्या हल्ल्यांसाठी महाराष्ट्रात २०१० चा वेगळा कायदा आहे. सरकारी नोकरावर ड्युटीत हात टाकला तर न्याय संहितेचं कलम १३२ आहे. स्कॉटलंडमध्ये तर दुकान-कामगारांसाठीच स्वतंत्र कायदा ऑगस्ट २०२१ पासून चालू आहे आणि त्यात नुसती शिवीगाळ-धमकीही गुन्हा धरली आहे. आपल्याकडे दुकानातल्या माणसासाठी असं खास कलम नाही. सर्वसाधारण कायद्यातून वाट काढायची, म्हणून तपशील महत्त्वाचा.

## आधीची तयारी (भांडण व्हायच्या आधी)

डीव्हीआर तपासा. किती दिवसांचं रेकॉर्डिंग राहतं, पासवर्ड कुणाकडे आहे, पेन ड्राइव्हवर कॉपी कोण काढू शकतं, हे माहीत हवं. पासवर्ड फक्त कॅमेरा बसवणाऱ्याकडे आणि तो फोन उचलत नाही, असं असंख्य दुकानांत आहे. कॅमेरा गल्ल्याकडे असतो आणि गिऱ्हाईक उभं राहतं ती जागा कॅमेऱ्यात येतच नाही, हेही बघून घ्या. मालकाने कॅमेरे नोकरांवर नजर ठेवायला लावलेले असतात. एक तरी गिऱ्हाईकाच्या चेहऱ्यावर हवा.

काउंटर मोकळा ठेवा. वजनं, कात्री, बॉक्स फोडायचं कटर, काचेच्या बाटल्या समोरच्याच्या हाताला लागतील अशा ठेवू नका.

घटना-वही. साधी दोनशे पानी. तारीख, वेळ, काय झालं, कोण हजर होतं. शिवीगाळ झाली आणि मिटली तरी नोंद करा. तोच माणूस तिसऱ्यांदा आला की वहीचा उपयोग कळतो.

नोकरीचा पुरावा. शोरूममधली निम्मी मुलं एजन्सीच्या पेरोलवर असतात. आयकार्ड, नेमणूक-पत्र, हजेरीचा फोटो, पगार जमा झाल्याचा मेसेज, यातलं काहीतरी स्वतःच्या फोनमध्ये ठेवा. घटनेनंतर "हा आमचा माणूसच नाही" असं ऐकायची वेळ येऊ शकते.

> तपासा: ११२ ला फोन कोण करणार आणि दुकान कोण सांभाळणार हे आधी ठरलंय का? शटर ओढायच्या वेळी दुकानात एकच माणूस असतो का? असेल तर ते आधी बदला.

## टप्पा १: पहिली पाच मिनिटं

मागे सरा, मध्ये काउंटर राहू द्या. वाद एक्स्चेंजचा असो, कॅरीबॅगच्या पैशांचा असो की "पेमेंट गेलंय, तुमच्याकडे दिसत नाही" असा, हात उठला की हिशेबाचा विषय संपला. त्या क्षणी पैसे परत देऊन तो गेला तर जाऊ द्या. वसुली नंतर होते.

११२ लावा. तीन गोष्टी सांगा: जागा, किती माणसं आहेत, कुणाला लागलंय का. पोलीस पोहोचेपर्यंत तो निघून गेला तरी चालेल, फोनची वेळ नोंदली जाते आणि ती पुढे कामाला येते.

माणूस अनोळखी असेल तर त्याचा माग दुकानातच असतो. बिलावर टाकलेला मोबाईल नंबर, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, बाहेर लावलेल्या गाडीचा नंबर, सोबत आलेल्याने मारलेली हाक. लगेच कागदावर उतरवा. हे सगळं पोलिसांना द्यायचं आहे, व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाही.

> सावधान: शटर ओढून त्याला आत कोंडू नका. तो अन्यायाने केलेला बंदिवास ठरतो आणि तुमच्यावरच दखलपात्र गुन्हा होऊ शकतो. सामान्य माणसाला आरोपी पकडता येतो, पण डोळ्यांदेखत अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा झाला असेल तरच, आणि त्याला सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. चार जणांनी मिळून त्याला चोप दिला तर तुमची केस गेली म्हणून समजा. स्वसंरक्षणाचा हक्क मार चुकवण्यापुरता आहे, हिशेब चुकता करण्यासाठी नाही.

## टप्पा २: पुरावा पोलीस यायच्या आधी जपा

इथे सगळ्यात जास्त चुका होतात.

पहिली चूक म्हणजे स्क्रीनवर चाललेलं फुटेज मोबाईलने शूट करणं आणि "आपल्याकडे व्हिडिओ आहे" म्हणून निर्धास्त होणं. मूळ फाइलच हवी. डीव्हीआरमधून घटनेच्या अर्धा तास आधीपासून अर्धा तास नंतरपर्यंतचं रेकॉर्डिंग दोन पेन ड्राइव्हवर घ्या. फक्त मारतानाचे वीस सेकंद कापून ठेवले की "आधी यांनीच ढकललं" असं समोरचा म्हणतो आणि आधीचं दाखवायला तुमच्याकडे काही उरत नाही.

दुसरं, डीव्हीआरचं घड्याळ. ते बहुतेक ठिकाणी चुकलेलं असतं. स्क्रीनवरची वेळ आणि मोबाईलवरची वेळ एकाच फोटोत येईल असा फोटो काढा आणि फरक वहीत लिहा: "डीव्हीआर १७ मिनिटं पुढे." फिर्यादीत पावणेआठ आणि फुटेजमध्ये आठ वाजून दोन मिनिटं असं आलं, तर कोर्टात त्यावरच अर्धा दिवस जातो.

तिसरं, प्रमाणपत्र. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा रेकॉर्डिंगसोबत ठरलेल्या नमुन्यात प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याचा एक भाग ज्याच्या ताब्यात यंत्र आहे तो भरतो, दुसरा तज्ज्ञ. त्यात फाइलचं हॅश मूल्यही (फाइल नंतर बदलली नाही हे दाखवणारा संकेतांक) लिहावं लागतं. हे काम तपास अधिकाऱ्यासोबत होतं. तुमच्याकडून एवढंच, की कॉपी कुणी, कधी, कोणत्या यंत्रातून काढली हे त्याच दिवशी लिहून ठेवा. पोलीस डीव्हीआर पंचनामा करून घेऊन जाऊ शकतात, म्हणून आपली कॉपी त्याआधी.

मॉलमध्ये असाल तर पॅसेजचे आणि पार्किंगचे कॅमेरे मॉल व्यवस्थापनाचे असतात. "अमुक वेळेचं फुटेज पुसू नये" असं पत्र त्याच दिवशी द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं तिसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नाही.

फुटलेली काच लगेच झाडू नका, आधी फोटो. फाटलेला शर्ट धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा. कुणी मोबाईलवर शूटिंग केलं असेल तर मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागून घ्या. व्हॉट्सअॅपवर साधा फॉरवर्ड केलेला व्हिडिओ दाबला जातो आणि त्याची मूळ माहिती निघून जाते.

> सावधान: व्हिडिओ व्हायरल झाला म्हणजे तक्रार झाली नाही. उलट नाव-पत्त्यासकट टाकलात तर बदनामीची नोटीस तुमच्या हातात येते.

## टप्पा ३: दवाखाना

डोक्याला लागलं असेल, उलटी-चक्कर असेल, रक्त थांबत नसेल तर थेट जवळचा दवाखाना, मग तो खाजगी का असेना. बाकी वेळी आधी पोलीस ठाण्यात जाऊन तपासणीची यादी घ्या आणि ती घेऊन सरकारी दवाखान्यात जा. यादी म्हणजे पोलिसांनी डॉक्टरांना दिलेलं पत्र. ते असलं की केस मेडिको-लीगल, म्हणजे पोलीस प्रकरणाशी जोडलेली, म्हणून नोंदवली जाते.

डॉक्टर विचारतात, "काय झालं?" तेव्हा माणूस लाजून "पडलो" म्हणतो. ते "पडलो" केस पेपरवर उमटतं आणि पुढे खोडता येत नाही. सरळ सांगा: दुकानात गिऱ्हाईकाने, किती वाजता, कशाने, कुठे मारलं. जिथे दुखतंय तिथलं सगळं दाखवा, दात हलत असेल तर तोही.

दात म्हणण्याचं कारण आहे. हाड किंवा दात मोडणं वा निखळणं हे कायद्याने गंभीर दुखापतीत येतं. ज्या इजेमुळे १५ दिवस तीव्र वेदना राहतात किंवा रोजची कामं करता येत नाहीत, तीही त्यातच. जुन्या कायद्यात ही मुदत २० दिवस होती. गंभीर दुखापत झाली की कलम ११७(२), दखलपात्र, सात वर्षांपर्यंत शिक्षा. म्हणून एकदा तपासून घरी बसू नका. दुखणं चालू असेल तर पुन्हा जा, प्रत्येक वेळचा कागद ठेवा.

## टप्पा ४: ठाण्यात जाण्याआधी स्वतः लिहून काढा

वीस मिनिटं लागतात आणि सगळी केस या वीस मिनिटांवर उभी राहते. समजा, फिर्याद अशी सांगितली:

"काल संध्याकाळी एका गिऱ्हाईकाने एक्स्चेंजवरून वाद घालून मला शिवीगाळ व मारहाण केली आणि धमकी दिली."

आता तीच घटना, जशी घडली तशी:

"काल रात्री ८.१० च्या सुमारास मी काउंटरवर ड्युटीवर असताना एक इसम बिलाशिवाय शर्ट बदलून मागू लागला. मी नकार दिल्यावर त्याने काउंटरवरचं दोन किलोचं लोखंडी वजन उचलून माझ्या डोक्याच्या दिशेने मारलं. मी हात आडवा केल्याने ते उजव्या मनगटाला लागलं. मी बाहेर पळू लागलो तेव्हा त्याच्या सोबतच्या दोघांनी दारात उभं राहून वाट अडवली."

दुसऱ्या मजकुरात एकही शब्द फुगवलेला नाही, तरी चित्र पालटलं. प्राण जाऊ शकेल अशा वस्तूने मारल्यास कलम ११८(१) लागू शकतं, ते दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. वाट अडवणं म्हणजे कलम १२६(२). शिक्षा किरकोळ, पण दखलपात्र. आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (पोलीस तपास आणि कोर्टाच्या प्रक्रियेचा कायदा) कलम १७४(४) सांगतं, की अनेक गुन्ह्यांपैकी एक जरी दखलपात्र असला तरी सगळं प्रकरण दखलपात्र धरायचं. ही एकच ओळ पाठ असू द्या.

लिहिताना स्वतःला हे विचारा:

- हातात काही होतं का? काय, किती जड, कुठून उचललं?
- वाट अडवली, हात धरून ठेवला, ट्रायल रूममध्ये वा गोदामात कोंडलं का?
- माणसं किती? पाच किंवा जास्त जण मिळून आले असतील तर बेकायदेशीर जमाव आणि दंग्याची कलमं (१८९, १९१) बघितली जातात.
- मारून वा धाक दाखवून माल किंवा गल्ल्यातले पैसे नेले का? ती मारहाण राहत नाही, जबरी चोरी होते (३०९).
- "दर महिन्याला इतके दे, नाहीतर दुकान चालू देणार नाही" असं म्हणाला का? ती खंडणी (३०८).
- तोडफोड किती रुपयांची? एक लाख किंवा जास्त असेल तर दखलपात्र. बिलं जोडा.
- महिला कर्मचारी असेल तर: अंगाला हात लावला का, कपडे ओढले का (७४), अश्लील मागणी वा शेरे (७५), लज्जा वाटेल असे शब्द वा हावभाव (७९), पाठलाग (७८)? या चारही गुन्ह्यांची पोलिसांना थेट दखल घ्यावी लागते.
- पीडित व्यक्ती अनुसूचित जाती वा जमातीची असून, जातीवरून चारचौघांत अपमान केला का? मग १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो आणि तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो.

शिव्या नेमक्या कोणत्या ते तशाच लिहा. "घाणेरड्या शिव्या दिल्या" याला अर्थ नाही. मात्र शिवी असभ्य असली म्हणजे ती कायद्याच्या अर्थाने अश्लील ठरतेच असं नाही, त्यामुळे सगळी भिस्त शिव्यांवर ठेवू नका.

> सावधान: जे घडलं नाही ते घालू नका. "गळ्यातली चेन ओढली" हा अनेकांचा आवडता मसाला. फुटेजमध्ये चेन दिसली नाही की खरी मारहाणही खोटी वाटू लागते, आणि खोटी माहिती दिल्याबद्दल कलम २१७ तुमच्यावर येतं.

## टप्पा ५: पोलीस ठाण्यात

जायचं ज्याला मार बसला त्याने. मालक किंवा मॅनेजर सोबत असावा, पण फिर्यादी मालकच झाला तर जखमीचा जबाब मागे पडतो. महिलेविरुद्धच्या वर सांगितलेल्या गुन्ह्यांची फिर्याद महिला अधिकाऱ्याने नोंदवायची असते, तसं स्पष्ट मागा.

"हद्द आमची नाही" हे उत्तर चालत नाही. दखलपात्र गुन्हा कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंदवून नंतर वर्ग करता येतो. तक्रार ऑनलाइन दिली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करा, नाहीतर ती नोंदवली जात नाही.

जबाब टाइप झाला की सही करायच्या आधी स्वतः वाचा. वजनाच्या जागी "कशाने तरी" झालंय का, तिघांचा एक झालाय का, वेळ बदललीय का, बघा. बारा वाजलेत, साहेब थकलेत, तुम्हीही थकलात; तरी वाचा. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते.

"चौकशी करून बघतो" असं म्हटलं तर शांतपणे विचारा: ही नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) खालची प्राथमिक चौकशी आहे का? ती तीन वर्षं ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत, उपअधीक्षकांच्या परवानगीने करता येते आणि १४ दिवसांत संपवायची असते. बाकी दखलपात्र गुन्हा उघड दिसत असेल तर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ साली सांगितलं आहे.

> तपासा: बाहेर पडताना हातात काय आहे? गुन्हा क्रमांक किंवा एनसी क्रमांक, तपासी अंमलदाराचं नाव, दिलेल्या कागदांची पोच.

## टप्पा ६: फक्त एनसी मिळाली किंवा नोंदच नाकारली

नाकारली असेल तर तीच तक्रार लेखी, पोस्टाने पोलीस अधीक्षकांना. आयुक्तालयाच्या शहरात परिमंडळाच्या उपायुक्तांना पाठवा. स्पीड पोस्टची पावती जपा. तरीही हालचाल नाही तर त्याच संहितेच्या कलम १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज. अधीक्षकांची पायरी गाळून थेट कोर्टात गेलात तर अर्ज तिथेच अडतो.

प्रकरण खरोखरच अदखलपात्र असेल तर एनसी घेऊन दंडाधिकाऱ्यांकडे तपासाचा आदेश मागता येतो किंवा खाजगी तक्रार करता येते. इथे मुदत आहे. साध्या मारहाणीसारख्या एक वर्षापर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याची दखल कोर्ट सर्वसाधारणपणे एका वर्षाच्या आतच घेतं.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. महिला, तसंच अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा.

## टप्पा ७: मालकाकडून काय मागायचं

लेखी मागा, मेसेज का होईना.

ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कार्ड असेल तर अपघाताचा अहवाल मालकाने पाठवायचा असतो. ड्युटीवर गिऱ्हाईकाने केलेली मारहाण "हा अपघात कसा?" म्हणून टाळली जाते. कामाच्या ओघात, कामामुळे झालेली इजा ती इजाच. तात्पुरतं अपंगत्व आलं तर त्या दिवसांचा भत्ता वेतनाच्या ९० टक्क्यांच्या दराने मिळतो. अहवालच गेला नाही तर भत्ता अडकतो.

महिला कर्मचाऱ्याचा लैंगिक छळ गिऱ्हाईकाने केला असेल तर "तो आमच्याकडे नोकरीला नाही" ही पळवाट नाही. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचं कलम १९ मालकावर कामाच्या जागी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही सुरक्षिततेची जबाबदारी टाकतं, आणि तिची इच्छा असेल तर बाहेरच्या माणसावर फौजदारी कारवाई सुरू करायलाही मदत करायला लावतं. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवी. छोट्या दुकानासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रारीची मुदत तीन महिने.

फुटलेल्या मालाचे किंवा पळवलेल्या वस्तूचे पैसे पगारातून कापले जातात, हा सर्रास चालणारा प्रकार. कामगाराच्या स्वतःच्या हलगर्जीपणामुळे नुकसान झालं असेल आणि त्याला बाजू मांडू दिली असेल, तरच अशी कपात चालते. गिऱ्हाईकाने फोडलेली काच त्यात बसत नाही.

## टप्पा ८: "मिटवून टाका"

दोन दिवसांत कुणीतरी येतंच: नगरसेवकाचा माणूस, सोसायटीचा सेक्रेटरी, कधी मालकच. साधी मारहाण तडजोडीने मिटवता येते, पण तो हक्क मार खाल्लेल्याचा आहे. मालकाने माफी स्वीकारली म्हणून तुमची तक्रार संपत नाही. कलम ११८ किंवा ७४ सारखे गुन्हे ठाण्यात बसून मिटत नाहीत, हेही मध्यस्थाला सांगा.

मिटवायचंच असेल तर कागदावर: काय घडलं याची कबुली, दवाखान्याचा आणि बुडालेल्या पगाराचा खर्च, पुन्हा दुकानात येणार नाही असं वाक्य, सह्या, साक्षीदार. कोऱ्या कागदावर किंवा "माझी काही तक्रार नाही" एवढ्याच ओळीखाली सही करू नका. पैसे हातात पडण्याआधी तर नाहीच.

तो माणूस परत येऊन घिरट्या घालत असेल तर नव्या घटनेची वाट बघू नका. घटना-वहीतल्या नोंदी, आधीची एनसी आणि फुटेज जोडून ठाण्यात प्रतिबंधक कारवाईचा अर्ज द्या. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली त्याच्याकडून एक वर्षापर्यंत शांतता राखण्याचा बंधपत्र घेता येतो. ठाण्यात त्याला चॅप्टर केस म्हणतात, त्याच शब्दात मागा.